हेक्टर गुणिले टन म्हणजे धूर नव्हे

“१०० हेक्टर जंगल मुद्दाम पेटवलं, हेक्टरी २० टन पाला-लाकूड, म्हणजे २,००० टन धूर! मग वणवा काय वाईट?” नियोजित जाळणीबद्दलचा, म्हणजे मोठा वणवा टाळण्यासाठी जंगलातला पाला-काड्या आधीच ठरवून, ताब्यात ठेवून जाळण्याबद्दलचा, हा हिशेब सध्या सगळीकडे फिरतोय. त्यातला गुणाकार तेवढा बरोबर आहे.

१०० हेक्टर ही आखलेली हद्द. आत आग ठिगळाठिगळांनी जाते. ओलसर ओघळी, खडकाळ तुकडे तसेच राहतात. समजा ६० हेक्टर जळले.

खरी मेख २० टनांत आहे. जमिनीवर आहे ते सगळं जळतं, असं धरलंय. सहा मिलिमीटरहून बारीक काडी हवेतल्या ओलाव्याशी तासाभरात बरीचशी जुळवून घेते; आठ ते वीस सेंटिमीटर जाडीच्या ओंडक्याला त्यासाठी सुमारे १,००० तास, म्हणजे सहा आठवडे लागतात. जाळणीचा दिवस निवडतात तोच मुळी पाला-काड्या वाळलेल्या, पण ओंडके आणि खालचा कुजका थर अजून ओला असताना. म्हणून नेमकं काय जळालं ते मोजावं लागतं: कुजक्या थरात आधी खिळे ठोकायचे आणि नंतर ते किती उघडे पडले ते पाहायचं, ओंडक्याला तार गुंडाळायची आणि ती किती सैल झाली ते बघायचं. कंटाळवाणं काम आहे, पण याला पर्याय नाही. आपल्या उदाहरणात निम्मं जळालं म्हणू: ६०० टन.

आता धूर. किलोभर कोरड्या इंधनातून साधारण १.६ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, इंधनाच्या वजनापेक्षा जास्त, कारण ऑक्सिजन हवेतून येतो. पण छातीत जातात ते सूक्ष्म कण, किलोमागे ढोबळ १० ग्रॅम. म्हणजे ६०० टनांमागे ६ टन. हा आकडाही पक्का नाही. ज्वाळेत कण कमी निघतात, धुमसताना बरेच जास्त. रात्रभर धुमसत राहिलं तर ६ चे ९ व्हायला वेळ लागत नाही, आणि थंड, स्थिर हवेत तो धूर खोलगट भागात साचतो. या धुराची तक्रार करणारे अजिबात चूक नाहीत.

“मग वणवा काय वाईट?” वणवा पेटतो तेव्हा बहुधा ओंडके आणि कुजका थरही कोरडे असतात. त्यामुळे हेक्टरी जास्त जळतं आणि धुमसणं कित्येक दिवस चालतं. मात्र जाळणी दर काही वर्षांनी पुन्हा करावी लागते, आणि जाळलेल्या जागी वणवा एरवी आलाच असता असंही नाही. जाळणीने एकूण धूर घटतो असं छातीठोक सांगणाऱ्यांनीही ही शक्यता हिशेबात धरलेली नसते.