‘आउटसाइड द लॉ’मधला तो चिनी नट कोण?

मूकपटांच्या काळातला हॉलिवूड नट लॉन चेनी याला गोळी घालणाऱ्या चिनी माणसाचा फोटो सध्या फिरतोय. सोबतचा मजकूर असा: ‘१९२० च्या आउटसाइड द लॉमधला हा अज्ञात चिनी नट. हॉलिवूडने त्याचं नावही ठेवलं नाही. चित्रपटाची प्रतही उरलेली नाही.’

नट अज्ञात नाही आणि चिनीही नाही. तो लॉन चेनीच आहे. दिग्दर्शक टॉड ब्राउनिंगच्या या मूकपटात गुंड ब्लॅक माइक आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या चायनाटाउनमधला आह विंग, अशा दोन्ही भूमिका त्याच्याच. शेवटच्या हाणामारीत आह विंग ब्लॅक माइकला गोळी घालतो, म्हणजे ट्रिक फोटोग्राफीच्या कृपेने चेनी चेनीलाच मारतो! मेकअपची पेटी हे तर त्याचं खास हत्यार होतं.

हॉलिवूडने चिनी कलाकारांना डावललं, ही तक्रार मात्र खरी आहे, फक्त उदाहरण उलटं निवडलंय. इथल्या सज्जन चँग लोच्या भूमिकेतही ई. ॲलिन वॉरन हा गोरा नटच आहे. खऱ्या चिनी वंशाची ॲना मे वाँग याच चित्रपटात ओझरती दिसते, तीही श्रेयनामावलीत नाव नसताना. फोटो फिरवायचाच तर तिचा फिरवा.

प्रतीबद्दल सांगायचं तर चित्रपट बरीच वर्षं हरवलेला मानला जात होता, पण १९७५ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटात एक प्रत सापडली. आज तो पाहता येतो.

काही जण त्यात नट एडवर्ड जी. रॉबिन्सनचं नाव घुसडतात. रॉबिन्सन आहे तो १९३० च्या बोलपटात, ब्राउनिंगनेच त्याच नावाने पुन्हा काढलेल्या.