वाचायला पाहिजे? मग ४० रुपये

रद्दीच्या दुकानात दिवाळी अंक ८ रुपये किलोने जातात. परवा माझ्या डोळ्यांदेखत एका काकांचे सहा अंक त्या भावाने तोलले गेले. २ किलो ४०० ग्रॅम भरले, म्हणजे १९ रुपये २० पैसे. वरचे २० पैसे रद्दीवाल्याने खाल्ले. त्याआधी काकांनी काटा दोनदा शून्यावर आणायला लावला होता आणि गठ्ठ्याखाली त्याचा अंगठा नाही ना, हे वाकून पाहिलं होतं. इंग्रजी रद्दीला किलोमागे २ रुपये जास्त, म्हणून इंग्रजी पुरवण्या वेगळ्या काढून तोलायला लावल्या होत्या ते निराळंच.

मी म्हटलं, "यातले तीन मला द्या."

"कशाला?"

"मुलांना वाचायला."

"वाचायला?" रद्दीवाल्याने अंक माझ्या हातातून अलगद काढून घेतले, फडक्याने पुसले आणि फळीवर उभे केले. "४० रुपयाला एक."

"अहो, आत्ताच तर ८ रुपये किलोने घेतलेत!"

"ती रद्दी होती, ताई. हे पुस्तक आहे."

यावर काका माझ्या बाजूने बोलतील असं कोणालाही वाटलं असतं. काका माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "मुलांच्या वाचनाच्या बाबतीत हात आखडता घेऊ नये, बाई. आम्ही कधी घेतला नाही." हे वाक्य त्या गृहस्थाचं, ज्याने आत्ताच पुरवण्यांची पानं मोजली होती! शिवाय "हल्ली नवीन अंक ३००-४०० रुपयांना पडतो, त्या मानाने हे फुकटच की," असा हिशोबही माझ्यासमोर मांडला. मी ३० वर आणलं, तीन अंकांचे ९० दिले. तेव्हा कुठे काकांच्या डोक्यात उजेड पडला.

"म्हणजे माझे सहा १९ ला, आणि हिला तीन ९० ला?"

"काका, तुम्ही रद्दी विकलीत. ताईंनी पुस्तकं घेतली."

"फरक काय?"

"तुम्ही कुठं म्हणालात वाचायला आहेत म्हणून!"

काका बराच वेळ भांडले. दुकानदार हलला नाही. शेवटी काका माझ्यामागून रस्त्यापर्यंत आले. घरी काही अंक उरले असतील ते आता अर्ध्या किमतीत मिळणार, म्हणून मी थांबले. "पुढच्या वर्षीचे मी थेट तुम्हालाच देईन," ते म्हणाले. "३५ ला एक." अजून आठवलं की कानशिलं तापतात.

आता ८ रुपयेच का, हेही सांगते. गुळगुळीत कागदावर चिनी मातीचा लेप असतो, त्यात तंतू कमी, म्हणून कागद गिरणी कमी पैसे देते. पुठ्ठ्याचा डिंक आणि पिना हा आणखी कचरा. पुडा बांधायलाही हा कागद कुचकामी, सुटतो. वर्तमानपत्राचा मोठा ताव पुड्यांना चालायचा, पण खाद्यपदार्थ छापील कागदात बांधायला २०१८ च्या नियमांनी मनाई आहे. भजीवाल्याला हे कोणी सांगितलेलं दिसत नाही. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्रांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तिथून सुरू झालेली ही हौस आज मातीच्या लेपापायी मार खाते.

असे अंक घेताना पाहायचं काय? पहिलं, पाककृतींची पानं. कात्री घेऊन बसणाऱ्या गृहिणीला मागच्या पानावर काय छापलंय याची पर्वा नसते. माझ्या एका अंकात रहस्यकथेचा शेवट चकलीच्या भाजणीमागे होता. खून कोणी केला ते भाजणीसोबत गेलं, आणि मुलगी अजून मलाच जाब विचारते. दुसरं, पिनांचा गंज. आणि तिसरं, कसर. पानांच्या कडा कुरतडल्यासारख्या दिसल्या आणि आतून चंदेरी किडा सरकला, की अंक परत ठेवायचा.

पिनांचा अंक सुटला तर बोथट सुरीने पिना काढायच्या. घडीवर तीन भोकं पाडायची, एक मधोमध आणि दोन कडांपासून दोन-दोन इंचांवर. जाड दोरा मधल्या भोकातून आतून बाहेर, वरच्यातून आत, मधलं सोडून थेट खालच्यातून बाहेर, आणि परत मधल्यातून आत. आतल्या लांब टाक्याच्या दोन बाजूंना दोन टोकं घेऊन गाठ. डिंकाचा अंक असेल तर पानं ठोकून सरळ करायची, दोन फळ्यांमध्ये दाबायची, पाठीवर हॅकसॉच्या पात्याने इंचाइंचावर दोन मिलिमीटर खोल चरे पाडायचे. त्यांत दोरा बसवून फेव्हिकॉल, वर जुन्या मलमलची पट्टी. रात्रभर विटांखाली. फाटक्या पानाला सेलोटेप अजिबात नको. चार-पाच वर्षांत ती पिवळी पडते, डिंक पाझरतो आणि शेजारचं पानही चिकटतं. पतंगाचा पांढरा कागद आणि खळ वापरावी. एक चमचा मैदा, पाच चमचे पाणी, मंद आचेवर ढवळत पारदर्शक होईपर्यंत. त्यात चिमूटभर मोरचूद, म्हणजे निळं कॉपर सल्फेट, नाहीतर कसरीला आपणच जेवण वाढतो. मोरचूद विषारी, म्हणून ते भांडं वेगळं आणि मुलांपासून दूर.

घरात खरी कटकट होते ती किड्यांवरच्या उपायावरून. अंक प्लास्टिकच्या पिशवीत घालून, हवा दाबून काढून, तोंड घट्ट बांधून दोन आठवडे फ्रीझरमध्ये ठेवायचा. बाहेर काढल्यावर पिशवी दिवसभर बंदच, नाहीतर थंड कागदावर दव जमतं आणि बुरशी येते. सासूबाईंचं म्हणणं, मटाराच्या जागी कसले अंक? यांचं म्हणणं, एवढ्या विजेत नवा अंक आला असता. फ्रीझर तसाही चोवीस तास चालूच असतो, हे माझं म्हणणं कोणी ऐकत नाही.

'किशोर' हे मुलांचं मासिक १९७१ पासून निघतंय आणि जुने अंक बालभारतीने संकेतस्थळावर फुकट ठेवलेत. पण ते वाचायला मोबाइल हातात द्यावा लागतो, आणि दहा मिनिटांनी मुलगा 'किशोर'मध्ये नसतो. मग वाचनालय? आमच्याकडच्याचं बालविभागाचं कपाट कुलपात असतं, मुलं पुस्तकं फाडतात म्हणून. किल्ली ज्यांच्याकडे असते ते संध्याकाळी सहाला जातात. मुलं शाळा आणि शिकवणी आटपून साडेसहाला येतात. काचेतून शीर्षकं वाचायला मात्र वर्गणी लागत नाही.