घोडा बांधलेलाच राहिला

कादंबरी ६४० पानांची. पहिल्या पानावर नकाशा, दुसऱ्यावर प्रेत. मी पाठीशी उशी घेतली आणि लेखकाला मनातल्या मनात नमस्कार केला. डार्क फँटसी अशीच हवी: राज्य कुजलेलं, देव एक तर मेलेले नाहीतर वसुलीला निघालेले, आणि जादू अजिबात फुकट नाही. इथं मंत्र म्हटला की आपली एक आठवण कायमची जाते. एक म्हातारा मांत्रिक काळोखात दिवा पेटवतो आणि बायकोचं नाव विसरतो. मग त्याच उजेडात समोर बसलेल्या त्या बाईला अदबीनं विचारतो, "आपण कुणाकडे आलात?"

हे पान मी तीनदा वाचलं. चौथ्यांदा वाचणार, तेवढ्यात नायिका आली.

वय सतरा. जन्म दलदलीत गेला, पण केस रेशमी. चौथ्या प्रकरणात तिनं आयुष्यात पहिल्यांदा तलवार धरली आणि पाचव्यात वीस वर्षं लढलेल्या सेनापतीला लोळवलं. तलवार म्हणे 'पहाडासारखी जड'. खरी एकहाती तलवार साधारण १ ते १.५ किलोची असते. इतकं वजन तर या कादंबरीचंही भरेल. बरं, मंत्र? तिनं अख्ख्या पुस्तकात सतरा म्हटले (मी मोजले) आणि विसरली काहीच नाही. एक तर तिच्याकडे विसरण्यासारखं काही नव्हतं, किंवा विसरला तो लेखक.

अशा नायिकेला इंग्रजीत 'मेरी सू' म्हणतात. १९७३ साली 'स्टार ट्रेक' या अमेरिकी अंतराळ-मालिकेच्या चाहत्यांच्या एका हौशी अंकात आलेल्या विडंबनातली ही पोरगी: साडेपंधराव्या वर्षी लेफ्टनंट, सगळ्यात हुशार, आणि मरते तेव्हा भोवती सगळे रडतायत. हे मी बायकोला उत्साहानं सांगितलं. "पुरुषानं हेच केलं की तुम्ही त्याला पराक्रम म्हणता," ती डोळे न उघडता म्हणाली. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून मी पुढचं प्रकरण काढलं.

खरा छळ घोड्याचा. नायिका तीन रात्री त्याला न थांबता भरधाव पिटाळते. खरा घोडा पूर्ण वेगात तीन-चार किलोमीटरमध्ये दमतो. मग त्याला दुडक्या चालीवर आणावं लागतं, पाणी दाखवावं लागतं. हिच्या तलवारीला नाव, कट्यारीला नाव. घोडा मात्र नुसता 'घोडा'. पान दोनशेपासून मी त्याच्यासाठीच वाचत होतो म्हटलं तरी चालेल.

तरी पुस्तक खाली ठेववेना. बुडालेल्या शहरातल्या घंटा पाण्याखालून वाजतात, त्या प्रकरणाला तर अंगावर काटा आला. रात्री अडीचला पाणी प्यायला उठलो. दिव्याच्या बटणावर बोट गेलं आणि तिथंच अडलं. बायकोचं नाव एकदा पुटपुटून घेतलं, मग दाबलं.

शेवटच्या पानावर नायिका जळत्या बुरुजावरून खोल दरीत उडी घेते. पुढचं दुसऱ्या भागात. मी घाईघाईनं पानं मागं उलटू लागलो.

"मेली का शेवटी?" पलीकडून झोपाळू आवाज आला.

"ती कशाला मरतेय! घोडा बुरुजाखाली बांधलेलाच राहिलाय."