‘पूर्ण शिष्यवृत्ती आपल्या मुलांसाठी नसतेच’ हे खरं नाही

सध्या पुण्यातल्या अभ्यासिकांच्या आणि वसतिगृहांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक लांबलचक मजकूर फिरतो आहे. लिहिणाऱ्याचं नाव नाही. म्हणणं थोडक्यात असं: परदेशातल्या पदव्युत्तर शिक्षणासाठीची ‘फुल्ली फंडेड’ शिष्यवृत्ती साध्या घरातल्या मराठी मुलांसाठी नसतेच. ती नव्वद टक्केवाल्यांना आणि आयआयटीवाल्यांना मिळते. इंग्रजी माध्यम नसेल तर विचारही करू नका. मिळाली तरी बँकेत दहा-पंधरा लाख दाखवावे लागतात. वर परत येण्याची अट असते, म्हणजे हातात काही उरत नाही. तेव्हा वर्ष वाया घालवू नका, चांगला कन्सल्टंट गाठा, कर्ज काढा आणि निघा.

गेली काही वर्षं मी रविवारी सकाळी सदाशिव पेठेतल्या एका अभ्यासिकेत मुलांचे अर्ज वाचायला बसते. हा मजकूर मला चार मुलांनी पाठवला. पाचवीनं पाठवला नाही, तिनं अर्धा लिहिलेला अर्ज बंद केला आणि म्हणाली, “मग राहू द्या ना, ताई.” ती परभणीच्या कृषी विद्यापीठातून बीएस्सी ॲग्री झालेली, नंतर तीन वर्षं जुन्नरकडच्या गावांमध्ये पाण्याच्या कामावर होती. विकसनशील देशांसाठीच्या शिष्यवृत्त्या ज्यांच्यासाठी आहेत, त्यांतली ती अगदी नेमकी. म्हणून हे लिहिते आहे.

गुणांचं आधी बघू, कारण सगळ्यात जास्त मुलं तिथेच मागे फिरतात. अमेरिकेत शिकण्यासाठीच्या फुलब्राइट-नेहरू मास्टर्स फेलोशिपची किमान अट 55 टक्क्यांची आहे. केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाच्या नॅशनल ओव्हरसीज शिष्यवृत्तीची 60 टक्क्यांची. ब्रिटिश सरकारची चेव्हनिंग टक्क्यांची रेघ मारत नाही. तुम्ही निवडलेल्या विद्यापीठानं प्रवेश द्यायला हवा, एवढंच बघते. ऑक्सफर्डच्या ऱ्होड्स किंवा केंब्रिजच्या ‘गेट्स केंब्रिज’ या शिष्यवृत्तीसाठी मात्र गुण खरोखर अव्वल लागतात. गेट्स केंब्रिज तर जगभरातून वर्षाला साधारण 80 जणांनाच मिळते. त्यांची नावं वर्तमानपत्रात येतात, म्हणून लोकांना वाटतं की सगळ्या शिष्यवृत्त्या तशाच.

फरक कुठे आहे, तर पैसा कोणत्या हेतूनं येतो त्यात. चेव्हनिंग 1983 पासून ब्रिटनच्या परराष्ट्र खात्याच्या पैशावर चालते. जर्मनीच्या डाड (DAAD) संस्थेची ‘एपॉस’ (EPOS) ही शिष्यवृत्ती विकासाशी संबंधित ठरावीक अभ्यासक्रमांना मिळते. विकास-साहाय्य घेणाऱ्या देशांची एक आंतरराष्ट्रीय यादी असते, तिच्यातल्या देशांच्या मुलांसाठी ती आहे आणि भारत त्या यादीत आहे. या लोकांना जाणून घ्यायचं असतं की तुम्ही आपल्या देशात काय काम करता आणि शिकून आल्यावर काय कराल. म्हणून चेव्हनिंग दोन वर्षांचा, म्हणजे 2,800 तासांचा अनुभव मागते. एपॉसलाही किमान दोन वर्षांचा अनुभव लागतो. फुलब्राइट-नेहरू मास्टर्सला तीन. पदवीनंतर लगेच नोकरी धरावी लागली, घर चालवावं लागलं, याला मुलं ‘गॅप’ म्हणतात आणि अर्जात लपवतात. या योजनांमध्ये ती वर्षं नसतील तर अर्जच घेत नाहीत.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. ती वर्षं नुसती एमपीएससीच्या अभ्यासात गेली असतील तर तो अनुभव धरला जात नाही. पुण्यात अशी हजारो मुलं आहेत आणि त्यांना खोटी आशा लावायची नाही. त्यांच्यासाठी इरास्मुस मुंडुस या युरोपीय संघाच्या शिष्यवृत्तीचा रस्ता जास्त मोकळा आहे. तिथे पदवीच्या शेवटच्या वर्षाची मुलंही अर्ज करू शकतात, वयाची अट नाही, आणि महिन्याला 1,400 युरो जास्तीत जास्त 24 महिने मिळतात. मात्र विमानाचं तिकीट आणि व्हिसा त्याच पैशातून भागवायचा असतो.

पदवी तीन वर्षांची असेल तर? ब्रिटनला चालते. फुलब्राइटला चार वर्षांची पदवी लागते, किंवा तीन वर्षांच्या पदवीपुढे एमए-एमएस्सी किंवा पूर्णवेळ पदव्युत्तर डिप्लोमा.

आता इंग्रजी. बहुतेक ब्रिटिश आणि युरोपीय विद्यापीठं मास्टर्ससाठी आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत 6.5 च्या आसपास मागतात. तोंडी परीक्षा 11 ते 14 मिनिटांची असते, समोर एक परीक्षक असतो, आणि त्याला इंग्रजी उच्चारांची नक्कल नको असते, तुमचं बोलणं कळायला हवं असतं. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्या मुलांना लिहिण्याचं आणि ऐकण्याचं तंत्र शिकायला तीन-चार महिने लागतात. तेवढे द्यावेत. परीक्षेची फी 18 हजारांच्या आसपास आहे, ती पुन्हा भरावी लागू नये म्हणून तरी. निकाल दोन वर्षं चालतो.

खरी अडचण परीक्षेत नसते, अर्जासोबत लिहायच्या निबंधात असते. अर्धा अर्ज बंद करणाऱ्या त्या मुलीच्या निबंधाचं पहिलं वाक्य असं होतं की तिला शाश्वत विकासाची तीव्र आवड आहे. असली वाक्यं नेटवरच्या नमुन्यांत शेकड्यानं सापडतात. मी तिला म्हटलं, इंग्रजी बाजूला ठेव आणि जुन्नरला रोज सकाळी उठून काय करायचीस ते मराठीत सांग. मग ती सांगायला लागली. विहिरींची पाणीपातळी मोजायची. दोरीला गाठी मारून वजन खाली सोडायचं, ओली झालेली गाठ मोजायची, वहीत लिहायची. एका गावात उन्हाळ्यात पाणी कुणी किती उपसायचं यावर भांडण लागलं, तेव्हा तिनं दोन वर्षांचे आकडे ग्रामसभेत फळ्यावर लिहिले. म्हातारी माणसं उठून फळ्याजवळ आली आणि आपापल्या विहिरीचा आकडा शोधायला लागली. त्या वर्षी गावानं उसाचं क्षेत्र कमी करायचं ठरवलं. शेजारच्या गावानं मात्र ऐकलं नाही, आणि का ऐकलं नाही हे तिला अजून कळलेलं नाही. भूजल व्यवस्थापन तिला शिकायचंय ते या न सुटलेल्या प्रश्नासाठी.

हे सगळं तिच्या निबंधात कुठेही नव्हतं. कारण तिला वाटत होतं की दोरीच्या गाठी मोठ्या विद्यापीठाला सांगण्यासारख्या नाहीत. चेव्हनिंगच्या निबंधांत नेतृत्व, लोकांशी जोडलेले संबंध, हाच अभ्यासक्रम का आणि पुढे काय करणार, एवढंच विचारलेलं असतं. त्यातल्या पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं त्या ग्रामसभेत आहेत. मराठीत नीट लिहून झालं की इंग्रजी करणं हे आठवड्याचं काम आहे. उलट्या क्रमानं गेलं की नमुन्यातली वाक्यं येतात.

बँकेतल्या दहा-पंधरा लाखांचं म्हणणं अर्धवट माहितीवर उभं आहे. स्वखर्चानं जाणाऱ्याला पैसे दाखवावेच लागतात. जर्मनीसाठी वर्षाचे 11,904 युरो ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कमच काढता येते अशा खात्यात, ठेवावे लागतात. पण डाडची शिष्यवृत्ती असेल तर तिचं पत्र हाच पुरावा असतो. ब्रिटनच्या व्हिसालाही सरकारी शिष्यवृत्तीचं पत्र चालतं. चेव्हनिंग आणि ब्रिटनचीच कॉमनवेल्थ या दोन्ही शिष्यवृत्त्या फी, राहण्याचा खर्च आणि विमानभाडं देतात.

तरीही खिशातून काहीच जात नाही असं मी म्हणणार नाही. पासपोर्टचे 1,500 रुपये, आयईएलटीएसची फी, ट्रान्सक्रिप्ट म्हणजे विद्यापीठानं दिलेला सगळ्या गुणांचा अधिकृत उतारा, कुरिअर, थंडीचे कपडे. शिवाय तिकडे पोचल्यावर बँक खातं उघडून पहिला हप्ता हाती पडेपर्यंत काही आठवडे जाऊ शकतात, तेवढ्यापुरते पैसे जवळ हवेत. हा खर्च एकदम येत नाही. वर्षभरात पगारातून बाजूला टाकता येतो, म्हणूनच लवकर सुरुवात करा असं मी सांगत असते.

परत येण्याच्या अटीवर मात्र माझा मजकुराशी मुळातून मतभेद आहे. अट आहे, हे खरं. चेव्हनिंगनंतर किमान दोन वर्षं मायदेशी राहावं लागतं. फुलब्राइटवाल्यांना मिळणाऱ्या जे-1 या अमेरिकी व्हिसालाही तसाच दोन वर्षांचा नियम आहे. कॉमनवेल्थवाल्यांनी अभ्यास संपला की परतायचं असतं. इरास्मुस मुंडुसला अशी अट नाही. ज्याला तिकडेच स्थायिक व्हायचं आहे त्यानं हे आधी वाचावं आणि त्याप्रमाणे निवड करावी. पण ‘हातात काही उरत नाही’ हे कसं म्हणता येईल? 1913 साली भीमराव आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले ते सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर, महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी. परतल्यावर बडोदा संस्थानात नोकरी करण्याचा करार त्यांनी लिहून दिला होता. बडोद्यात त्यांना राहायला जागा मिळाली नाही, कचेरीत अपमान झाला, ती नोकरी टिकली नाही. हा इतिहास आपल्याला पाठ आहे. पण कोलंबियात मिळालेलं शिक्षण या देशाच्या किती कामी आलं, हेही आपल्याला माहीत आहे. जुन्नरच्या विहिरींचा प्रश्न सोडवायला जी जाते आहे, तिला परत या असं सांगणं ही शिक्षा कशी होईल?

आणि मजकूर जो पर्याय सुचवतो त्याकडेही बघू. शैक्षणिक कर्ज साडेसात लाखांच्या वर गेलं की सरकारी बँका सहसा तारण मागतात. शेतजमीन बहुतेक बँका तारण म्हणून घेत नाहीत, म्हणजे राहतं घर. तिकडे नोकरी लागली तर ठीक. नाही लागली तर परत येण्याची अट कागदावर नसूनही परत यावंच लागतं, आणि हप्ते आईवडिलांच्या डोक्यावर. कर्ज वाईट असतं असं माझं म्हणणं नाही, हिशेब करून घेतलेलं कर्ज अनेकांना फळलं आहे. पण शिष्यवृत्तीचा अर्जही न करता घर गहाण टाकायला सांगणं मला मान्य नाही.

कन्सल्टंटबद्दल थोडक्यात. चेव्हनिंग, कॉमनवेल्थ, फुलब्राइट-नेहरू यांच्या अर्जाला शुल्क नाही आणि अर्ज स्वतः ऑनलाइन करायचा असतो. फर्ग्युसन रस्त्यावर ज्यांचे फलक दिसतात त्या कार्यालयांपैकी अनेकांना ठरावीक विद्यापीठांकडून प्रत्येक प्रवेशामागे कमिशन मिळतं. त्यात बेकायदा काही नाही. पण एपॉसला तुमची निवड झाली तर त्यांना काही मिळत नाही, तेव्हा ती माहिती त्यांच्याकडून आपणहून येईल अशी अपेक्षा ठेवू नका.

मजकुरातल्या दोन गोष्टी बरोबर आहेत. एक, विद्यापीठं जिला ‘स्कॉलरशिप’ म्हणतात ती पुष्कळदा फीमधली थोडी सूट असते. चार हजार पौंडांची सूट मिळाली तरी उरलेली फी आणि राहणं तुमच्याच अंगावर. ‘फुल’ हा शब्द दिसला तरी फी, राहणं, प्रवास, विमा यांपैकी काय काय त्यात येतं ते एकेक वाचा. दोन, जागा थोड्या आहेत. चेव्हनिंग जगभरात वर्षाला सुमारे 1,500 जणांना मिळते. नकार येणं अगदी शक्य आहे, दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला निवड झालेली मुलंही असतात. म्हणून एकाच दारात थांबू नये. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, वर्षाला 75 जागा, आणि ती चालवणारं समाजकल्याण आयुक्तालय पुण्यातच आहे. मराठा-कुणबी मुलांसाठी सारथी या राज्य सरकारच्या संस्थेची योजना आहे, तिचंही मुख्यालय पुण्यात. आदिवासी, इतर मागासवर्गीय आणि खुल्या गटासाठीही सरकारी योजना आहेत. उत्पन्न, वय आणि विद्यापीठाच्या क्रमवारीचे नियम त्यांत बदलत असतात, तेव्हा मित्राकडची गेल्या वर्षीची जाहिरात धरून चालू नका.

‘वर्ष वाया जातं’ याचं उत्तर वेळापत्रकात आहे. चेव्हनिंगचे अर्ज साधारण ऑगस्टमध्ये सुरू होतात, एपॉसच्या बऱ्याच अभ्यासक्रमांच्या मुदती पावसाळ्याच्या शेवटाला येतात, इरास्मुस मुंडुसच्या हिवाळ्यात. हे सगळं नोकरी न सोडता, रात्री आणि रविवारी होतं. वेळ खरा खातात ते दोन कागद: विद्यापीठाची ट्रान्सक्रिप्ट आणि शिफारसपत्र. शिफारसपत्रासाठी आपल्याकडे सर म्हणतात, “तूच लिहून आण, मी सही करतो.” तसं करू नका. तुमचा निबंध आणि ते पत्र एकाच हातचं आहे हे वाचणाऱ्याला दोन परिच्छेदांत कळतं. त्यापेक्षा एका पानावर आपण काय काम केलं, सरांच्या हाताखाली कोणता प्रकल्प केला, त्यात काय चुकलं, ते मराठीत लिहून न्या, समोर बसा आणि पत्र त्यांनाच लिहायची विनंती करा. बहुतेक शिक्षक लिहितात. त्यांनाही आपला विद्यार्थी आठवायला थोडी मदत हवी असते.

त्या मुलीला मी मजकुरावर वाद घालायला सांगितलं नाही. चार योजनांच्या पात्रतेच्या अटी आम्ही शेजारी बसून वाचल्या आणि प्रत्येक ओळीपुढे तिनं पेन्सिलीनं खूण केली. तीन ठिकाणी ती पूर्ण बसते. एका ठिकाणी सरांचं पत्र तेवढं कमी आहे. शनिवारी रात्रीच्या गाडीनं ती परभणीला निघाली आहे. सरांनी सोमवारी अकराची वेळ दिली आहे, आणि विहिरींच्या आकड्यांची वही तिनं बरोबर घेतली आहे.