शिडी धरणाऱ्याचं मत

रजेचा अर्ज. नाव, कधीपासून, कधीपर्यंत, कारण आणि खाली एक बटण. एवढंच पान करायचं होतं. ते कुठल्या फ्रेमवर्कमध्ये, म्हणजे वेबपानाच्या कुठल्या तयार सांगाड्यात करायचं यावर काल अडीच तास मीटिंग झाली, आणि त्यातले निम्म्याहून जास्त मी शिडी धरून उभा होतो.

मीटिंग रूमचा एसी गळत होता. मेकॅनिक आधीच छतात घुसलेला. आम्हाला दिसत होता तो कमरेच्या पट्ट्यापासून खाली. शिडी डगमगत होती. मॅडमनी टेबलावर नजर फिरवली, मी रात्री जागून केलेली तुलना उचलली, तिची चौघडी केली आणि शिडीच्या एका पायाखाली सरकवली. तरी ती हलायचीच. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुम्ही धरता का जरा? तुमचं तर सगळं वाचून झालंय."

पहिला अर्धा तास 'व्ह्यू'त गेला.

"आपल्याला व्ह्यू हवाय का?"

"व्ह्यू तर लागणारच ना मॅडम. त्याशिवाय दाखवणार काय?"

"मग व्ह्यू घेऊन टाकू."

"नाही, पण व्ह्यू रिअ‍ॅक्टमध्येही होतो."

"मग व्ह्यूत व्ह्यू होत नाही का?"

एक व्ह्यू म्हणजे पानाचा दिसणारा भाग. दुसरं व्ह्यू हे रिअ‍ॅक्टसारखंच एक फ्रेमवर्क; 2014 साली आलेल्या त्या फ्रेमवर्कचं नाव म्हणजे 'व्ह्यू'चाच फ्रेंच शब्द. स्पेलिंग वेगळं आहे, पण आम्ही मिनिट्स मराठीत लिहितो. त्यात आता कायमचं नोंदलं गेलंय : 'व्ह्यूसाठी व्ह्यूचा विचार व्हावा.'

तेवढ्यात छतातून आवाज आला, "सर, हायड्रेशनचं काय?"

मला वाटलं, बिचारा तासभर वर आहे, तहान लागली असेल. एका हातानं शिडी सांभाळत दुसऱ्या हातानं बाटली वर केली.

"पाणी नको हो. पाणीच तर बंद करतोय. पानाचं हायड्रेशन म्हणतोय मी."

खोली चिडीचूप. मॅडमनी पेन खाली ठेवलं.

"म्हणजे बघा," कमरेचा पट्टा बोलू लागला, "सर्व्हरवरून तयार एचटीएमएल आलं. पान दिसायला लागलं. पण त्याचं जावास्क्रिप्ट अजून वाटेतच आहे. ते येऊन प्रत्येक बटणाला चिकटेपर्यंत बटण नुसतं शोभेचं. थर्मोस्टॅट भिंतीवर आहे, पण मागे वायरच जोडलेली नाही. गिऱ्हाईक दाबतंय दाबतंय, आणि शिव्या मेकॅनिकला."

हेच मी दुसऱ्या पानावर लिहिलं होतं. दुसरं पान शिडीखाली होतं.

"किती छान समजावलंत!" मॅडम म्हणाल्या. मला अकरा वर्षांत हे वाक्य एकदाही मिळालेलं नाही. हे मेकॅनिक भाऊ रात्री वेबपानं बनवण्याचा ऑनलाइन कोर्स करतात असं कळलं. चौथा महिना चालू आहे.

"सर, तुम्ही कशात काम करता?" त्यांनी वरून विचारलं. मी म्हटलं, जेक्वेरीपासून सगळ्यात. "ती अजून असते?" घरातल्या अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्याची चौकशी करावी, तसा आवाज होता. असते हो! जावास्क्रिप्टची ही लायब्ररी 2006 ची आहे आणि त्या वेळी लिहिलेलं माझं एक पान आजही मुकाट्यानं चालतंय. याउलट अँग्युलरजेएस हे फ्रेमवर्क. 2010 चं. त्यात मी आयुष्याची चांगली वर्षं घातली. 2016 ला नवं अँग्युलर आलं : नाव तेच, आतला माणूस दुसरा. जुन्यावरून नव्यावर जायचं म्हणजे जवळजवळ सगळं पुन्हा लिहायचं. लिहिलं. 2021 संपताना जुन्याचा आधारही काढून घेतला. रिअ‍ॅक्टमध्ये कोड लिहायची 'क्लास' नावाची पद्धत घोटून पाठ केली, तर 2019 मध्ये 'हुक्स' ही नवी पद्धत आली आणि क्लास लिहिणारा माणूस एका रात्रीत जुन्या वळणाचा ठरला. व्ह्यूची दुसरी आवृत्ती 2023 च्या अखेरीस निवृत्त. वापरणाऱ्याला यातलं काय दिसतं? तेच बटण. आधी लगेच दाबलं जायचं, आता आधी गोल फिरतं. एवढ्यासाठी आम्ही तीनदा तेच पान लिहिलं, आणि दर वेळी तारखेची चौकट पहिल्यापासून.

माझं म्हणणं एवढंच होतं, की एचटीएमएलचा स्वतःचा फॉर्म टॅग आहे, तारखेसाठी ब्राउझरचा स्वतःचा इनपुट आहे, बटण दाबलं की सर्व्हरकडे जातं. फ्रेमवर्क कशाला? मी ते बोललोही. पण शिडी धरून खालून वर बघत बोलणाऱ्या माणसाचं बोलणं मत वाटत नाही, गाऱ्हाणं वाटतं.

"तुम्ही काय घ्याल?" मॅडमनी विचारलं. मला नव्हे. वर.

"रिअ‍ॅक्ट. नोकऱ्या त्यातच आहेत. आमच्या कोर्सचा पहिला धडाच क्रिएट रिअ‍ॅक्ट अ‍ॅप."

"बघा, बाहेरच्या माणसालाही माहितीये!"

क्रिएट रिअ‍ॅक्ट अ‍ॅप, म्हणजे नवं रिअ‍ॅक्टचं काम उभं करून देणारं साधन, 2025 च्या फेब्रुवारीत खुद्द रिअ‍ॅक्टवाल्यांनीच मोडीत काढलं. मी काही बोललो नाही. माणूस शिडीवर होता.

"रिअ‍ॅक्टच्या बाजूनं?" सगळे हात वर. छतातून एक पान्हाही खाली आला. "विरोधात?" माझे दोन्ही हात शिडीला. "एकमतानं," मॅडमनी लिहून टाकलं.

भाऊ खाली उतरले, वाकून कागद काढले आणि माझ्या हातात दिले. ओले होते. "सर, हे ब्राउझरचं तारखेवालं आम्हाला शिकवलंच नाही. भारी आहे की." तेवढीच एक घडी बाहेर राहिली होती.

जाताना मॅडमना म्हटलं, उद्या रजा हवी होती.

"फॉर्म होऊ दे ना आधी," म्हणाल्या.