टोइंगचे किलोमीटर आधी वाचा

रोडसाइड असिस्टन्स, म्हणजे गाडी रस्त्यात बंद पडली तर मदत पाठवणारी वार्षिक सेवा, यावरच्या लेखातलं 'वर्षाला काहीशे रुपयांत प्रवास निर्धास्त' हे वाक्य पटलं नाही. गेल्या पावसाळ्यात आंबा घाटात आमची क्लच प्लेट गेली. रेंज नाही, म्हणून एका टेम्पोत बसून साखरप्याला उतरलो, तेव्हा कुठे फोन लागला. क्रेन साडेतीन तासांनी आली आणि तिथे कळलं, फुकट टोइंग ठरावीक किलोमीटरपर्यंतच! कोल्हापूरपर्यंतचे वरचे पैसे रोख मोजले. क्लचचा खर्च वेगळा, तो यात धरलेलाच नव्हता.

तरी यंदा ही सेवा परत घेतलीय. बायको रोज एकटी संगमेश्वरहून चिपळूणला जाते, पंक्चर झालं तर कुणीतरी येईल एवढं पुरे. फक्त गाडी नवी असेल तर कंपनीची हीच सेवा मोफत चालू आहे का बघा. मी दोन वर्षं विम्यातही तेच विकत घेत होतो, एजंट गप्प.