घड्याळाच्या उलट

बडोद्याच्या कमाटीबागेत सकाळी फिरायला जाणारे आम्ही सहाजण. सहाजणांचं मिळून जेमतेम एका माणसाला पुरेल एवढं बी 12 आमच्या अंगात आहे. फुलांच्या घड्याळापासून निघायचं, छोट्या आगगाडीच्या रुळांपर्यंत गुडघे, परत येताना पित्त. 1879 साली ही बाग झाली तेव्हा पुढे इथे लोक एकमेकांना लॅबचे रिपोर्ट वाचून दाखवतील, असं सयाजीराव महाराजांच्या मनातही आलं नसेल.

या दिनक्रमात मी सुखी होतो. मग एकदा सिटी बसमध्ये माझ्याहून नक्की आठदहा वर्षांनी मोठ्या असलेल्या बाई उठल्या आणि म्हणाल्या, "बेसो, दादा." मराठीत हा शब्द ऐकला की छाती फुगते. गुजरातीत दादा म्हणजे आजोबा. मी बावन्न वर्षांचा आहे. बसलो मात्र, कारण गुडघे.

त्याच आठवड्यात मी गरब्याच्या क्लासला नाव घातलं.

जन्म दांडिया बाजारातला, म्हणजे पत्त्यात दांडिया. पायात काही नाही. आमच्या घराण्यात नाच ही बघायची गोष्ट. 1880 साली सयाजीरावांचं तंजावरच्या राजकन्येशी लग्न झालं, तिच्याबरोबर तंजावरच्या नर्तकी बडोद्याला आल्या आणि दरबारच्या चाकरीत राहिल्या. आमचे पणजोबा दरबारात कारकून होते. त्या नर्तकींच्या पगाराचा हिशेब त्यांनी लिहिला असेल, तर तेवढाच आमचा नृत्याशी संबंध. नवरात्रात घरी घट बसायचे, संध्याकाळी वाड्याच्या चौकात पाटावर हत्ती काढून आजी-आत्यांचा भोंडला व्हायचा आणि आम्हा मुलांना प्रवेश फक्त खिरापतीपुरता. रात्री बाहेर सगळं शहर गोल फिरत असायचं. आम्ही गॅलरीतून "केवढा तो आवाज" म्हणत ते पहाटेपर्यंत बघायचो.

क्लास रावपुऱ्यात, एका जिमच्या वरच्या मजल्यावर. नाव लिहून घेणाऱ्या मुलीने विचारलं, "दीकरी माटे?" मुलीसाठी का? म्हटलं, ना, मारा माटे, माझ्यासाठीच. तिने पेन खाली ठेवलं, आत जाऊन सरांना घेऊन आली. सर तेवीस वर्षांचे. त्यांनी माझ्याकडे, मग जिन्याकडे बघितलं. एवढे चढून आला आहात तर या, असा काहीसा तो चेहरा होता.

पहिला दिवस बे ताळीचा, म्हणजे दोन टाळ्यांच्या गरब्याचा. टाळीचं मला काही वाटलं नव्हतं. गणपतीत आमच्या टाळ्या पार सुरसागरपर्यंत ऐकू जातात. पण आरतीची टाळी छातीसमोर, ठाम, आणि शेवटाकडे चढत जाणारी. गरब्याची टाळी किंचित वाकून, बाजूला, दिली न दिली अशी. माझी ऐकल्यावर सरांनी स्पीकर बंद केला. "काका, प्रसाद पछी मळशे." प्रसाद नंतर मिळेल.

टाळी आठवड्याभरात सुधारली. दिशा सुधारेना. गरबा फिरतो घड्याळाच्या उलट. माझ्या पायांना एकच गोल ठाऊक: देव उजव्या हाताला ठेवून प्रदक्षिणा. डोक्यात सूचना नीट असायच्या, पण ढोल सुरू झाला की पाय देवळात जायचे. पंचवीसएक मुली तिकडून आणि मी समोरून एकटा. एक मुलगी अशी समोरासमोर आली आणि इतकी गोंधळली, की तिने वाकून नमस्कार केला.

मग दोढियुं. दोढ म्हणजे दीड. आकडेमोडीवर पोट भरणाऱ्या माणसाला दीड समजावून सांगायची वेळ येऊ नये, पण आली. एक पाय पुढे टाकला, कबूल. उरलेला अर्धा कुठे ठेवायचा? सर म्हणाले, विचार नका करू. मी एका सीएच्या ऑफिसात सत्तावीस वर्षं आहे. विचार न करता मी सहीसुद्धा करत नाही.

घरी यावर फार चर्चा झाली नाही. बायको मूळची सांगलीची. ती एवढंच म्हणाली, "पडलात तर मेडिक्लेममध्ये गरबा बसतो का, ते आधी विचारून ठेवा."

सप्टेंबर आमच्याकडे तसाही वाईट. 30 तारखेला टॅक्स ऑडिटची मुदत, त्यामुळे दरवर्षी 20 तारखेच्या सुमाराला मी पिळलेल्या लिंबासारखा दिसतो. या वर्षी मी केरव्याच्या आठ मात्रांवर व्हाउचरं उलटत होतो. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने दोनदा पंख्याचा आवाज येतोय का म्हणून वर बघितलं. ते माझे पाय होते. एकदा तीन मजले चढून गेल्यावर लक्षात आलं की लिफ्ट चालू होती. रात्री साडेदहाला पडलो की सकाळीच जाग. झोपेची गोळी दोनदा पाकिटातून काढली आणि ती घ्यायच्या आधीच झोपलो.

गंमत अशी, की ऑफिसात कोणी माझी एक चूक काढली तर रात्रीचं जेवण बेचव लागतं. इथे रोज तासाभरात चाळीस चुका, त्याही एकोणीस वर्षांच्या पोरींसमोर, "काका, डाबो पग! डाबो!" अशा आरोळीसकट, आणि मी शीळ घालत घरी. याचं कारण मी शोधायला गेलो नाही. हिशेब लागला की मजा जाते, हे धंद्यामुळे माहीत आहे.

नवरात्रासाठी केडियुं आणलं. छातीखाली झालर, नाड्या, आरसे. आरशात पाहिलं तर देव्हाऱ्यातल्या बाळकृष्णाला पोट सुटलेलं. मुलीने फोटो काढला आणि मला न दाखवता तिच्या मैत्रिणींना पाठवला. युनेस्कोने डिसेंबर 2023 मध्ये गरब्याला जपण्यासारख्या वारशांच्या यादीत घातलं आहे. कोणापासून जपायचा, ते मला त्या आरशात समजलं.

मैदानात आमच्याकडे बहुतेक ठिकाणी दांडिया नसतात, पायात काही नसतं. मधोमध गाणारे-वाजवणारे आणि भोवती वर्तुळात वर्तुळं. आत वाऱ्यासारखी पोरं, सगळ्यात बाहेर आम्ही. माझ्यापुढे सुती साडीतल्या एक बा होत्या, सत्तरीच्या पुढच्या. त्यांच्या टाचांवर नजर ठेवून मी दोन फेऱ्या निभावल्या. तिसऱ्या फेरीत लय चढली आणि पाय देवळात गेले. बांनी न थांबता माझं कोपर धरलं, भाजी उलटावी तसं मला उलटं केलं आणि पुढे ढकललं.

"मराठी?" त्यांनी विचारलं.

"हा."

"तमारावाळा बधा ऊंधा ज फरे."

तुमचे सगळे उलटेच फिरतात, म्हणजे आधीही कोणी येऊन गेलं होतं. एवढा आधार वाटला, की सांगता येत नाही. आरतीपर्यंत नाचलो, आरतीत जन्मसिद्ध टाळ्या वाजवल्या, मग पुन्हा नाचलो. परत येताना रात्री एकला शेव-उसळ खाल्ली, तर्री दोनदा मागून घेतली, आणि महिनाभरात घटवलेलं एक किलो वीस मिनिटांत सन्मानाने परत घेतलं.

दसऱ्यानंतर लंगडतच कमाटीबागेत गेलो. मंडळींनी गुडघ्याची आस्थेने चौकशी केली, मी खरं काय ते सांगितलं. कोणी काही बोललं नाही. रुळांपाशी विषय पित्तावर गेला. परत येताना आमच्यातले सगळ्यात वडील, नुकतंच बायपास झालेले, मुद्दाम मागे राहिले. इतरांना पुढे जाऊ दिलं आणि हळूच म्हणाले, "सुरुवात कुठल्या पायाने करायची असते हो?"